विकत घेतलेली उमरावकी : पदवी, किताब, हुद्दा की सनद?

शाईवाली
राज्यक्रांतीआधीच्या फ्रान्सवरचा एक लेख मराठीत आणतेय. पैसे मोजून उमराव झालेली माणसं त्यात पानोपानी भेटतात. मी 'पदवी विकत घेतली' असं लिहिलं, तर घरी वाचून विचारलं, "म्हणजे बोगस डिग्री का?" 'किताब' लिहावं तर कुस्तीचा आखाडा डोळ्यांपुढे येतो. या व्यवहाराला फ्रेंचमध्ये 'व्हेनालिते' म्हणतात. कोशात बघितलं तर 'लाचखोरी'. पटत नाही.

दौत-टाक
लाचखोरी नाहीच, ताई. लाच टेबलाखालून जाते, इथे राजाच दुकान मांडून बसलेला. पैसे खजिन्यात जमा होत, पावती मिळे. हुद्दा दुसऱ्याच्या नावे करून देणारा चाळीस दिवसांच्या आत मेला, तर हुद्दा राजाकडे परत जाई. १६०४ मध्ये त्यावर तोडगा निघाला. हुद्द्याच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरा आणि निर्धास्त मरा. हा 'पोलेत' कर. तिथून हुद्दे बापाकडून मुलाकडे घरच्या शेतासारखे जाऊ लागले.

म्हणूनच 'विकाऊ हुद्दा' नको, त्यात शिवी आहे. 'खरेदीचा हुद्दा' म्हणा. जमीन वडिलोपार्जित की खरेदीची, हे आपण विचारतोच की.

तिरपागडा
मग सरळ 'वतन' का नाही? पाटीलक्याही विकल्या जात, त्यांची खरेदीखतं आहेत.

दौत-टाक
तुलना म्हणून एखादं वाक्य जरूर टाका, पण प्रतिशब्द म्हणून नको. वतन म्हटलं की गाव आलं, मानपान आला, हक्क-लाजिमा आला. 'राजाचा सचिव' या हुद्द्याला कुठलं गाव? कामही फारसं नसे. तो विकत घ्यायचा, वीस वर्षं सांभाळायचा किंवा त्या हुद्द्यावर असतानाच मरायचं, म्हणजे पुढच्या पिढ्या कुलीन. सगळ्याच हुद्द्यांना ही सोय नव्हती बरं का. डुकरांच्या जिभा तपासून रोग ओळखण्याचाही हुद्दा असे, त्यानं कोणी उमराव होत नसे!

तेव्हा तुमच्या लेखातला माणूस नेमकं काय विकत घेतो ते प्रत्येक ठिकाणी बघा. बहुतेकदा तो हुद्दा घेतो, कुलीनपण त्याच्या मागून येतं. पण १६९६ मध्ये चौदाव्या लुईनं लढाईच्या खर्चापायी प्रत्येकी ६,००० लिव्रला ५०० उमरावपत्रं विक्रीला काढली. तिथे हुद्दा नाही, काम नाही, नुसता कागद. त्याला आपल्याकडे चपखल शब्द आहे, 'सनद'. (आणि १७१५ मध्ये अशा सनदा रद्दही केल्या. पैसे भरलेल्यांचे चेहरे बघायला हवे होते.)

तिरपागडा
आणि 'किताब' कायमचा बाद?

दौत-टाक
इंग्लंडसाठी ठेवा. पहिल्या जेम्सनं १६११ मध्ये 'बॅरोनेट' हा नवाच किताब काढला, किंमत १,०९५ पौंड. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब साधा आहे. आयर्लंडमधल्या अल्स्टरसाठी तीस शिपाई, प्रत्येकाला रोज आठ पेनी. म्हणजे दिवसाला २४० पेनी, तेव्हाचा बरोबर एक पौंड. असे तीन वर्षांचे दिवस मोजा. घेणाऱ्याला काय मिळालं? नावाआधी 'सर', तेही वंशपरंपरेनं. हुद्दा नाही, उमरावांच्या सभेत जागा नाही. हा निव्वळ किताब.

शाईवाली
हे तर फारच उपयोगी. अजून दोन अडलेत. खरेदीच्या हुद्द्यांवर वर चढलेल्या न्यायाधीशांच्या घराण्यांना 'झग्याची उमरावकी' म्हणत, तलवारवाल्यांपासून वेगळी. दुसरा, 'साव्होनेत आ व्हिलँ'. राजाच्या सचिवाच्या हुद्द्याचं हे टोपणनाव.

तिरपागडा
'झगा' लिहिलंत की वाचक 'झगामगा मला बघा' म्हणणार. तलवारवाल्यांचंही त्यांच्याबद्दल तेच मत होतं म्हणा, त्यामुळे राहू द्या.

दौत-टाक
माझंही मत 'झगा'लाच. समोर 'सरदारकी' ठेवा, तिला तलवारीचा वास आहेच.

दुसऱ्यात 'साव्होनेत' म्हणजे साबणाची वडी. 'व्हिलँ' म्हणजे मुळात गावचा कुळवाडी, पुढे कोणीही अकुलीन. 'कुणबट' लिहाल तर आपल्याकडच्या जातीचा काटा टोचेल, तो टाळा. 'हलकेपणा धुणारी वडी' कसं वाटतं? हलक्या कुळातला म्हणतात, तो हलकेपणा.

घड्याळजीचा मुलगा असलेल्या नाटककार बोमार्शेनं १७६१ मध्ये हीच वडी घेतली होती. पुढे कोर्टकज्ज्यात कुळाचा विषय निघाला तेव्हा त्यानं छापून उत्तर दिलं की माझ्या उमरावकीवर कोणी वाद घालूच शकत नाही, तिची पावती आहे माझ्याकडे. तिथे 'पावती'च लिहा. 'प्रमाणपत्र' लिहिलंत तर विनोद मेला.

शाईवाली
'पावती' केलंय. 'खरेदीचा हुद्दा', 'सनद', 'झगा' हेही घेतलं. 'वडी'वर घरी पुन्हा प्रश्न आला, "कोथिंबिरीची?" आता 'साबणाची वडी' असं पूर्ण लिहिते.