मदत हवी आहे : चार महिन्यांच्या मांजरीचं पोट थांबत नाहीये (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ठमी नावाची साधारण चार महिन्यांची मांजर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर जिन्याखाली सापडली, तेव्हापासून घरातच असते. आठवडा होत आला, तिचं पोट बिघडलंय. दिवसातून चार-पाच वेळा शी होते. सुरुवातीचा भाग बरा असतो, शेवटी मात्र पातळ, वर शेंबडासारखा चिकट थर आणि वास असा की दार उघडावं लागतं. रक्त दिसलेलं नाही. उलटी एकदा झाली, त्यात फक्त खाल्लेले दाणे होते.

खेळते, पडद्यावर चढते, भूकही आहे, म्हणून पहिले दोन दिवस थांबलो. आता मात्र हात फिरवला की पाठीचा कणा लागतोय. मागचे केस सतत भिजलेले असतात, कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसते तर ओरडून घर डोक्यावर घेते. तिथली कातडी लाल झाली आहे.

काय काय झालंय ते सांगते. नेहमीचे पिल्लांचे दाणे लक्ष्मीपुरीतल्या दुकानात संपले होते, म्हणून दुसऱ्या कंपनीचे आणले आणि त्याच दिवसापासून तेच चालू केले. शिवाय सासूबाई रोज गंगावेशीतल्या कट्ट्यावरून समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणतात, त्यातलं वाटीभर ठमीला. दूध बंद करा म्हटलं तर त्यांचं म्हणणं, "अगं, मांजराला दूध नाही तर काय उसाचा रस द्यायचा? आमच्या गावाकडं सगळी मांजरं दुधावरच वाढली." त्यांचा जीव आहे तिच्यावर, रात्री उठून बघतात, त्यामुळे मला वादही घालवत नाही. रविवारी पाहुणे होते, तेव्हा कुणी ताटातला तांबड्या रश्शातला मटणाचा तुकडा टाकला असेल तर तेही कळायला मार्ग नाही.

आमच्या भागातले डॉक्टर मुख्यतः गाई-म्हशी बघतात, पण माणूस चांगला आहे. त्यांनी वजन करून जंताचं औषध दिलं आणि शी तपासून घ्या म्हणाले.

मला विचारायचंय ते असं : शीचा नमुना कसा न्यायचा, किती ताजा लागतो? तोवर खायला काय द्यायचं, उपाशी ठेवायचं का? शेजारच्या काकूंनी माणसांची जुलाबाची गोळी पाव करून द्यायला सांगितली आहे, ती मी दिलेली नाही. आणि नेमकं कुठल्या लक्षणाला रात्रीच धावायचं? ठमीची लसही अजून व्हायची आहे, त्याची जास्त धास्ती वाटते.

प्रतिसाद, राजारामपुरीहून

ताई, गोळी दिली नाहीत ते फार बरं केलंत. माणसांची कुठलीच गोळी नको. पॅरासिटामॉल तर मांजराचा जीव घेते, अगदी थोडीसुद्धा, कारण ती पचवण्याची यंत्रणा त्यांच्या यकृतात नसल्यासारखीच असते.

दूध आजच बंद. पिल्लू आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवणारा रस कमी कमी करत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि वायू करते, म्हणून जुलाब. त्यात म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश बराच जास्त. गावाकडची मांजरं उंदीर, घुशी, पाली खाऊन वाढत होती, दूध वर असायचं, हे सासूबाईंना सांगून बघा, पटेल. त्यांना हवंच असेल तर ठमीसाठी चिकन शिजवायचं काम त्यांच्याकडे द्या.

उपाशी ठेवू नका. इतक्या लहान पिल्लाच्या अंगातली साखर लवकर उतरते. बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडा. मीठ, हळद, आलं, लसूण, कांदा काही नको, कांदा-लसूण तर मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणून रस्सा कुणी देणार नाही यावर पहारा ठेवा. थोडंथोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, उकडलेलं पाणीही त्यावर घाला. हे दोन-चार दिवसांपुरतंच, कारण नुसत्या चिकनमधून कॅल्शियम मिळत नाही. जुने दाणे मिळाले की त्यावर परत आणा. नवीनच द्यायचे असतील तर आठ-दहा दिवस थोडे थोडे मिसळत वाढवा.

नमुना त्याच दिवसाचा, सुपारीएवढा पुरतो. वाळू न लागलेला भाग स्वच्छ कोरड्या झाकणाच्या डबीत घ्या, दोन-चार तासांत पोचवा. तपासणीत पहिल्यांदा काही सापडलं नाही तरी संपलं असं समजू नका. जिआर्डियासारखे आतड्यातले सूक्ष्म जंतू रोजच्या रोज शीत उतरत नाहीत, वेगवेगळ्या दिवशीचा नमुना द्यावा लागतो. तुम्ही म्हणता तो चिकट थर मोठ्या आतड्याला सूज असल्याचं सांगतो, त्यामुळे सगळा दोष दुधावर टाकून मोकळं होऊ नका. जंताचं औषधही दोन आठवड्यांनी परत लागतं, कारण अळ्या अंगात उरतात आणि मग मोठ्या होतात. शीच्या आसपास तांदळासारखे हलणारे दाणे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो बहुधा पिसवांमधून येतो. अंगावर काळी भुकटी, म्हणजे पिसवांची घाण, आहे का बघा.

रात्री धावायची लक्षणं : सारख्या उलट्या, खाणं पूर्ण बंद, पडून राहणं, शीत रक्त किंवा काळी डांबरासारखी शी, अंग गार पडणं. हिरडीला बोट लावा, ओलसर आणि गुलाबी हवी. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा, तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. लस न झालेल्या पिल्लाला ताप, उलट्या, जुलाब हे एकदम आलं तर मांजरांचा पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार, असू शकतो. त्यात काही तासही महत्त्वाचे असतात, सकाळची वाट बघू नका.

धागाकर्तीकडून

मनापासून आभार. हिरड्या गुलाबी आहेत, कातडीही लगेच खाली बसते, त्यामुळे रात्री जरा झोप लागली. नमुन्यात जिआर्डिया निघाला. डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलंय. ते सांगत होते की ओलाव्यात हा जंतू बाहेर बरेच आठवडे तग धरतो. आमच्याकडे पावसात काहीच वाळत नाही, म्हणून शीची पेटी रोज उकळत्या पाण्याने धुऊन पंख्याखाली कोरडी करतेय आणि ठमीचे मागचे केस कापून घेतले. शी घट्ट होऊ लागली आहे, दिवसातून दोनदाच. चिकन सासूबाई शिजवतात आणि ठमी खात असताना शेजारी बसतात. पोट पूर्ण ठीक राहिलं की डॉक्टर लस देणार आहेत.

एक राहिलं : घरात दुसरी मोठी मांजर आहे, तिला काहीच त्रास नाही. तिचीही शी तपासावी का? एकाच पेटीत जातात दोघी.

प्रतिसाद, राजारामपुरीहून

हो, तपासाच. लक्षण नसतानाही ती जंतू बाहेर टाकत असू शकते, मग ठमीला परत लागण होईल. तोवर पेट्या वेगळ्या करा, पाण्याची भांडीही. पेटी साफ केल्यावर घरातल्यांनी साबणाने हात धुवा. औषध संपल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा परत एकदा नमुना द्या.