ऑप्शन फॉर्ममध्ये पुणे वर टाकू की जवळचंच कॉलेज?

बांधावरची, केज
मी ऊसतोडीच्या घरातली. आईबाबा दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात, उन्हाळ्यात परत येतात. मी आजीजवळ राहून शिकले. इंजिनीअरिंगच्या सीईटीला ९६ पर्सेंटाइल आहेत, ओबीसी. कॅपचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाचा, कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म उद्या रात्रीपर्यंत भरायचाय. चुलते म्हणतात अंबाजोगाई टाक, एसटीनं जाऊन-येऊन होईल. माझ्या मैत्रिणीचे वडील प्राध्यापक आहेत. तिला माझ्याहून कमी पर्सेंटाइल, तरी तिनं पहिली आठ नावं पुण्याची टाकली. मला फॉर्म भरून देणाऱ्या नेट कॅफेतल्या दादांनी विचारलं, "झेपेल ते सांग." मी जवळची तीन नावं सांगून उठले. रात्रभर झोप नाही. चुकलं का माझं?

जालनेकर
फॉर्म लॉक केला नसशील तर आजच परत उघड. माझे वडील मोंढ्यात हमाल. मी कटऑफ न बघता घराजवळचं कॉलेज घेतलं, कारण पुणं आपल्यासाठी नाही असं धरूनच चाललो होतो. दुसऱ्या वर्षाला कळलं की तेवढ्याच मार्कांवर पुण्यातल्या सरकारी कॉलेजात नंबर लागत होता. कुणी अडवलं नव्हतं गं, मी विचारलंच नव्हतं. ते अजून सलतं.

सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ आहेत. त्यात 'एलओबीसी'नं सुरू होणारे रकाने बघ, ते मुलींचे. नुसतं ओपनचं बघून घाबरू नको. जे मनापासून हवं तेच एक नंबरला टाक. पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की. खाली अंबाजोगाई ठेवल्यानं काही बिघडत नाही.

फीचं म्हणशील तर २०२४ च्या निर्णयानं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश कॅपमधून हवा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधी काढून ठेव.

नांदेडची आई
फी सुटली तरी मेस सुटत नाही, हे मी मुलीच्या वेळी भोगलंय. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर सावित्रीबाई फुले आधार योजनेत पुण्याला वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, पण हप्ते उशिरा येतात. पहिल्या चार महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा. आणि बाळा, जवळचं म्हणजे कमी असंही नाही. आमच्या नांदेडचं गुरु गोविंदसिंगजी इंजिनीअरिंग कॉलेज १९८१ पासूनचं आहे, तेही यादीत घे.

बांधावरची, केज
लॉक नव्हता! रकाना सापडला. संध्याकाळी बाबा खुरपणीवरून आल्यावर मोबाइलवर दाखवला. पुण्याची दोन, मग नांदेड, मग अंबाजोगाई असं ठरलं. चुलते अजून गप्प आहेत. बाबांनी एकच विचारलं, आम्ही कारखान्यावर असताना तुला बरं नसलं तर होस्टेलवरून कुणी फोन करतं का? कुणाला माहीत असेल तर सांगा, मला त्यांना उत्तर द्यायचंय.