योगवर्गात शिकवायचं नक्की काय?

निवांत: सोसायटीत नवा योगवर्ग सुरू झालाय. शिक्षिका २०० तासांचा कोर्स करून आल्यात. आसनं छान घेतात, पण शवासन दोन मिनिटांत उरकतात आणि यम-नियमांचा, म्हणजे योगातल्या वागण्याच्या नियमांचा, विषय काढला की 'लोक कंटाळतात हो' म्हणतात. पतंजलींची योगसूत्रं १९५ (काही प्रतींत १९६), त्यात आसन कसं असावं हे जेमतेम तीन सूत्रांत. बाकी भर चित्तावर. मग अशा वर्गाला सरळ व्यायामवर्ग म्हणा ना, त्यात कमीपणा कसला? पाटी योगाची लावायची तर मन स्थिर करायचं आहे, हे निदान शिकवणाऱ्याच्या डोक्यात हवं.

कडूलिंब: असहमत. सकाळी सहाला येणाऱ्या बायकांना कैवल्य, म्हणजे मोक्ष, नकोय, कंबर धड हवीय. खरं बोलावं, चोरी करू नये हे आम्हाला घरी शिकवलंय. वर्गात प्रवचन सुरू झालं की गुरुबाजी फार लांब नसते. औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो खणखणीत तब्येतीसाठीच. कुणाचं काय बिघडलं?

घाटमाथा: स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया तपासल्या. आतड्यात दाब किती उतरतो, याच्या नोंदी केल्या. इतका शरीराचा माणूस, पण संस्थेचं नाव ठेवलं कैवल्यधाम! जायचं कुठे ते पक्कं होतं.

कडूलिंब: त्यांचं पक्कं होतं, मान्य. गुडघे दुखणाऱ्या आजींना ते सांगायलाच हवं का?

त्रिकोण: मी शिकवते, म्हणून लिहिते. सांगावं लागत नाही. त्रिकोणासनात मागच्या पावलाची बाहेरची कड हमखास उचलली जाते. मी म्हणते, करंगळीपासून टाचेपर्यंत कड टेकवा. ती टेकवली की गुडघा ढिला पडतो. गुडघा सांभाळला की श्वास अडकतो. तिन्ही सांभाळायला लागलं की दूधवाल्याचा हिशेब डोक्यातून जातो. आसनातच योगाची बाकीची अंगं (यम-नियम, प्राणायाम, ध्यान वगैरे) साधता येतात, असं पुण्यात अय्यंगार गुरुजी शिकवत, ते हेच. दोन मिनिटांचं शवासन मात्र मलाही मान्य नाही. नुसता आवळलेला जबडा सुटायलाच तेवढा वेळ जातो.

कडूलिंब: हे जरा पटतंय. पण एवढं लक्ष तर फलंदाजही देतो. तो योगी का?

त्रिकोण: त्याला धावा हव्या असतात. इथे धावफलकच नाही, आणि लोकांना तेच झेपत नाही. नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, 'हात जमिनीला कधी टेकणार?'

टाळकरी: 'योगयागविधी येणें नोहे सिद्धि', इति हरिपाठ. चला, चटया गुंडाळा. 😀

निवांत: टाळकरीबुवा, त्याच माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध, कुंडलिनी सगळं बैजवार सांगितलंय. ते वाचा आणि मग गुंडाळा.