जुन्या विनोदी चोरीपटांतला पाठलाग छोट्या फिल्ममध्ये कसा जमवावा?

नवी पेठ

नमस्कार मंडळी. १९५० ते ७० च्या काळातले विनोदी चोरीपट आमच्या गटात सगळ्यांनाच प्रिय आहेत. चोर जीव तोडून पळतात, पोलीस मागे, गाड्या कुठूनही घुसतात, आणि आपण चोरांच्या बाजूने बसलेलो असतो. सोलापुरातच सहा मिनिटांची तशी फिल्म करतोय. चोर गोदामातून चादरींचे गठ्ठे रिक्षात घालून पळतात, मागे मालकाची जीप आणि लुनावरचा वॉचमन. चित्रीकरण मोबाइलवरच.

मोकळ्या मैदानावर चाचणी घेतली. रिक्षा चाळीसने पळवूनही पडद्यावर रांगल्यासारखी दिसते, आणि हसू तर अजिबात येत नाही. त्या सिनेमांची जादू नेमकी कशात आहे? आणि वेग कसा दिसेल?

सत्तर एमएम

वेगाकडे नंतर या. आधी नियम ठरवा, कारण या प्रकारातलं हसू नियमातून येतं.

१९६९ चा 'द इटालियन जॉब' घ्या. तुरिन शहरातली वाहतूक कोंडी चोरांनी स्वतःच घडवलेली आहे, सिग्नलच्या संगणकाची टेप बदलून. म्हणजे शहर ठप्प झालं की छोटी गाडी राजा, हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं. चोरांची मिनी कूपर जेमतेम ३.०५ मीटर लांब, इंजिन आडवं बसवलेलं, चाकं १० इंची. मग ती कमानींच्या गॅलरीतून जाते, जिन्यावरून उतरते, नदीच्या बंधाऱ्यावरून जाते, फियाट कारखान्याच्या छतावरच्या चाचणी ट्रॅकवर चढते. प्रत्येक जागा 'इथून फक्त हीच जाऊ शकते' या एका कारणासाठी निवडलेली आहे. पोलिसांची गाडी अडकते तेव्हा आपण हसतो, कारण ती का अडकली हे आपल्याला पोलिसांच्या आधी कळलेलं असतं. त्या करामती प्रत्यक्ष गाड्यांनी केल्या होत्या, फ्रान्सच्या रेमी ज्युलिएनच्या चमूने, म्हणून आजही त्या जिवंत वाटतात.

आता तुमच्याकडे या. रिक्षाला जमतं आणि जीपला जमत नाही, असं काय? बोळात रिक्षा एका दमात उलटी फिरते, जीपला दोन-तीनदा मागेपुढे करावं लागतं. लुना दोघं जण उचलून पायऱ्या चढवू शकतात. जीपचं बळ एकच, मोकळा रस्ता. पहिल्या मिनिटात हे तिन्ही नियम एकेका शॉटमध्ये दाखवून टाका, पुढे संवादाची गरजच पडणार नाही.

दुसरं म्हणजे माल. त्या सिनेमात ४० लाख डॉलरचं सोनं आहे. तेव्हाच्या ३५ डॉलर प्रति औंस या अधिकृत दराने हिशोब केला तर साधारण ३,५५५ किलो होतं. चोरांच्या तीन मिनींत वाटलं तर प्रत्येकीत ११८५ किलो, आणि मिनीचं स्वतःचं वजन साडेसहाशे-सातशे किलोच्या आसपास. प्रत्यक्षात गाडी जागची हलली नसती. पण आकारमान काढा: सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, म्हणजे सगळा माल १८४ लिटर. दोनशे लिटरच्या एका पिंपात मावेल! जागा उरते, वजन उरावर बसतं. चादरींचं बरोबर उलट. वजन झेपेल, पण जागा आधी संपते, वारा भरतो, गठ्ठा सुटतो, ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. तुमचे विनोद या गुणांतून काढा. सोन्यासाठी सुचलेला विनोद चादरीला लावलात तर तो बसणार नाही.

फ्रेम पंचवीस

मैदानावर संथ का दिसलं, याचं कारण सरळ आहे: कॅमेऱ्याजवळून काहीच सरकत नव्हतं. वेग आपल्याला जवळच्या वस्तूंवरून कळतो. भिंत, खांब, लावलेल्या सायकली, असं काहीतरी फ्रेमच्या कडेला हवं. अरुंद बोळात वीसने जाणारी रिक्षा मैदानातल्या चाळीसपेक्षा वेगवान दिसेल.

फोनची ०.५ एक्स (रुंद दिसणारी) लेन्स लावा, उंची जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटर, आणि रिक्षा कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जाऊ द्या. 'आता सापडणार!' असा शॉट मात्र २ एक्स किंवा ३ एक्सने लांबून, समोरून घ्या. त्याने रिक्षा आणि जीपमधलं अंतर दाबलं जातं, प्रत्यक्षात वीस मीटर असलं तरी जीप पाठीला चिकटल्यासारखी वाटते.

फिल्मची टाइमलाइन ३० फ्रेमची ठेवा. पाठलाग २५ फ्रेमने शूट करा आणि संकलनात त्या क्लिप ३० ला 'कन्फॉर्म' करा, म्हणजे त्याच फ्रेम सेकंदाला ३० च्या गतीने दाखवा. वेग १.२ पट होतो आणि एकही फ्रेम गळत नाही. ३० ने शूट करून नुसतं १२० टक्के स्पीड लावलंत तर सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम गाळतं आणि चाल अडखळते. १.२ च्या वर जाऊ नका, त्यापुढे माणसं बाहुल्यांसारखी चालू लागतात. वाढवलेल्या शॉटमध्ये पादचारी, धूर, फडकणारं कापड शक्यतो नको, वेग वाढवल्याची लबाडी तिथेच पकडली जाते. या क्लिपचा मूळ आवाज काढून टाका, तो चिरका होतो. रिक्षाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा: चालू करताना, गियर बदलताना, ब्रेक मारताना.

शटरचा वेग १/५० सेकंदाला लॉक करा. इथेच बहुतेकांचं बिनसतं. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात फोन आपोआप १/२००० च्या पुढे पळतो, चाकांचा अस्पष्टपणा जातो आणि चित्र टकटक तुटक दिसतं. लेन्सवर एनडी ६४ फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावा, सकाळी साडेसहा-सातला एनडी १६ पुरतो. एक्सपोजरही लॉक करा, नाहीतर बोळातून उन्हात येताना चित्र भसकन पांढरं होतं.

दिशा सांभाळा. रिक्षा डावीकडून उजवीकडे पळत असेल तर जीपही तशीच. दिशा बदलायचीच असेल तर मध्ये एक सरळ समोरून येणारा शॉट टाका. नाहीतर दोघे एकमेकांवर चाल करून येताहेत असं वाटतं, आणि पाठलाग तिथेच मरतो.

नवी पेठ

शटरचं अजिबात लक्षात आलं नव्हतं, मनापासून आभार. रिक्षाच्या टपावरही गठ्ठे रचायचे आहेत, दोन कलाकार बाहेर लोंबकळणार आहेत. त्यात काही अडचण?

गॅरेज, होटगी रोड

ओ भाऊ, लोंबकळणं रद्द करा. रिक्षाला पुढे एकच चाक. वळणात ब्रेक मारला की वजन पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं आणि तिथे आधाराला चाकच नाही. टपावर वजन म्हणजे गुरुत्वमध्य आणखी वर. तीन चाकी उलटते ती अशीच, आणि त्यासाठी फार वेग लागत नाही. लोंबकळण्याचा शॉट हवाच असेल तर रिक्षा उभी ठेवा, दोघांनी ती हलवायची, फ्रेममध्ये कलाकार फक्त छातीपासून वर दिसू द्या आणि मागून कुणीतरी झाडाची फांदी पळवत न्यायची. छान दिसतं.

टपावरचे गठ्ठे पोकळ करा. रिकामा पुठ्ठ्याचा खोका, आत फोमचे तुकडे, वरून एकच चादर गुंडाळून दाभणाने टाके. सुतळीने बांधू नका, धक्क्याने सैल होते. रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा वापरा, दोन आडवे, एक उभा. रिक्षाच्या तळात, मागच्या सीटखाली, २५ किलोच्या दोन वाळूच्या गोण्या टाका. चादरीचा एकही कोपरा सुटा नको. रिक्षात इंजिन आणि सायलेन्सर मागे असतात, सुती कापड टेकलं तर पेटू शकतं. लुनाला कापड चेनमध्ये जातं आणि मागचं चाक जागेवर जाम होतं. वॉचमनच्या धोतराची आयडिया असेल तर तीही सोडा, पॅन्ट घाला.

वळणावर १५-२०च्या वर नको, सरळ रस्त्यावर २५ पुरे. वरच्या भाऊंनी सांगितलेली युक्ती बाकीचं करते. आधी रिकाम्या रिक्षाने, मग गठ्ठ्यांसह, मग जीप मागे घेऊन, अशी प्रत्येक वळणाची तालीम करा. जीपवाल्याला ठरलेल्या खुणेवर थांबायची सवय लागली पाहिजे. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

जागेचं म्हणाल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतला बंद पडलेला प्लॉट, मालकाच्या लेखी परवानगीने, सगळ्यात सोयीचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी. चालू रस्त्यावर करायचं तर वाहतूक पोलीस, स्थानिक ठाणं आणि महापालिका, तिन्हीकडे अर्ज द्या. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्याची परवानगी वेगळी. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत गाडी पळवण्याचा विचारही करू नका.

तिसरी रांग

तांत्रिक बाजू वरच्या मंडळींनी पक्की केली. माझा आक्षेप कथेवर आहे. चादरी चोरून सोलापुरात काय मिळणार? चादर इथे घराघरात आहे. पण नेमकी हीच गोष्ट तुमच्या कामाची आहे.

१९५१ चा 'द लॅव्हेंडर हिल मॉब' पाहा. चोरलेलं सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती करतात, पॅरिसमध्ये विकायला असतात तशाच. मग चुकून त्यातले सहा सोन्याचे टॉवर खऱ्या मालात मिसळून शाळकरी मुलींना विकले जातात, आणि पुढची सगळी पळापळ ते परत मिळवण्यासाठी. शेवटाकडे चोर पोलिसांचीच गाडी पळवतात आणि तिच्या वायरलेसवरून खोटे निरोप देऊन पोलिसांना एकमेकांवर धाडतात. तिथे पाठलागात ताकद माहितीची आहे, इंजिनाची नाही. सहा मिनिटांच्या फिल्मला हे जास्त परवडतं. वॉचमनच्या हातात फोन द्या आणि चोरांकडून त्याला चुकीच्या चौकात पाठवा. आसरा चौक म्हणता म्हणता अशोक चौक! रिक्षा फार पळवावीच लागणार नाही.

तर चोरीचा माल दुसरा ठेवा, लहान आणि महाग, आणि तो एका चादरीच्या गठ्ठ्यात लपवा. तो गठ्ठा दुकानातल्या पन्नास गठ्ठ्यांत मिसळू द्या. सोलापूर सोडून दुसरीकडे ही गोष्ट घडूच शकत नाही. नेमका गठ्ठा प्रेक्षकाला ओळखता यावा म्हणून त्याला एक खूण द्या, उदाहरणार्थ काठाचा वेगळा रंग. ती खूण पहिल्या मिनिटात जवळून दाखवा, मध्ये एकदा अंधारात, आणि चोरांना ती दिसत नाही अशा जागी पुन्हा.

सत्तर एमएम

तिसरी रांग, कथेचा बदल मान्य. पण रिक्षा कमी करू नका! माहितीचा खेळ डोक्याला आवडतो, अंगाला आवडतं ते वाहन. दोन्ही हवंत. मात्र पाठलागाचं एकूण दीड मिनिटच ठेवा आणि प्रत्येक शॉटला विचारा, याने चोर सुटण्याच्या जवळ गेले की लांब? 'इटालियन जॉब'साठी मिनी आणि पोलिसांच्या गाड्या वॉल्ट्झच्या तालावर नाचतात असा एक अख्खा प्रसंग चित्रित झाला होता. देखणा आहे, पण त्यात सुटकेची गोष्ट एक पाऊलही पुढे जात नाही. अंतिम संकलनात तो गाळला, आणि माझ्या मते योग्यच केलं.

नवी पेठ

कथा बदलतोय, गठ्ठ्याला जांभळा काठ. एनडी फिल्टर आणि रॅचेट पट्टे या आठवड्यात घेतो. बोळातली तालीम झाली की शॉटची यादी इथेच टाकेन, दिशा चुकल्या असतील तर सांगा.