गळ्यात कॅमेरा, समोर अनोळखी माणूस : अनुभव सांगा

गेल्या रविवारी तळ्याकाठी खंड्याची वाट बघत बसलो होतो. त्याची बसायची फांदी ठरलेली, तिच्यावर फोकस लावून ठेवलेला, शटर १/३२०० सेकंदावर. दीड तास बसल्यावर खंड्या आला. तेव्हा मी शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांना फोकल लेंथ (लेन्स लांबचं किती जवळ आणते त्याचं माप) समजावून सांगत होतो.

सुरुवात नेहमीच्या प्रश्नाने झाली होती, "याचा झूम किती हो?" म्हटलं, झूम नाहीये, ५०० मिमीची एकच फोकल लेंथ आहे. त्यांनी माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून आपला छोटा कॅमेरा काढून म्हणाले, "हा पन्नास एक्स आहे." आता 'एक्स' म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकल लेंथला सगळ्यात जवळच्या फोकल लेंथने भागून येणारा आकडा. २४ ते १२०० असेल तर पन्नास. किती लांबचं दिसतं याचं ते थेट माप नव्हे. हे मी मन लावून सांगितलं. त्यांनी तितकंच मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझा पन्नास एक्स, आणि तुमचा एक एक्स?"

तसं पाहिलं तर, हो.

तेवढ्यात पाण्यात काहीतरी चुबुकलं. आम्ही दोघांनी वळून पाहिलं तेव्हा फक्त गोल तरंग उरले होते.

तर असं तुमचं काय काय झालंय? बाहेर फोटो काढताना भेटलेली, मुद्दाम थांबून बोललेली, डोकं खाल्लेली, काही शिकवून गेलेली माणसं. गोड किस्सेच हवेत असं नाही.

*

बागेतल्या बाकावर एक आजोबा शेजारी बसले होते. बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघून शेवटी म्हणाले, "कॅनन का?" त्यांच्या कपाटात कॅननच्याच दोन जुन्या लेन्स पडून होत्या, ५० आणि १३५ मिमीच्या. नव्या कॅमेऱ्याला त्या बसत नाहीत असं त्यांना कुणीतरी फार पूर्वी सांगितलेलं, म्हणून त्यांनी विषयच मिटवला होता.

सांगणारा चुकीचा नव्हता. कॅननने १९८७ मध्ये माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा, बदलला. जुन्या एफडी लेन्स माउंटपासून ४२ मिमीवर चित्र पाडतात आणि नव्या ईएफ कॅमेऱ्यांत ते अंतर झालं ४४ मिमी. लेन्स दोन मिमी पुढे राहते, त्यामुळे मध्ये काच घातली नाही तर लांबचं कधीच फोकस होत नाही. पण माझा कॅमेरा मिररलेस. आरसाच नसल्यामुळे हे अंतर फक्त २०. म्हणजे मध्ये २२ मिमीची जागा शिल्लक, तिथे साधी रिकामी रिंग लावली की काम झालं. एवढं सगळं बोटांनी अंतरं दाखवत सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पुढच्या शनिवारी आहात का इथे?"

शनिवारी ते रुमालात गुंडाळलेली ५० घेऊन आले, मी रिंग घेऊन गेलो. लावली. शटर काही दबेना. मी घामाघूम. मग आठवलं, कॅमेऱ्याला वाटतंय की समोर लेन्सच नाही, मेनूत जाऊन 'लेन्सशिवाय शटर चालू द्या' हे सुरू करावं लागतं. (आधी घरी करून बघायला काय झालं होतं मला, कोण जाणे.)

त्यांनी तासाभरात अकरा फोटो काढले. मोजून अकरा. ३६ फोटोंच्या रोलमध्ये भागवायची सवय. माझ्या लक्षात राहिला तो त्यांचा उजवा अंगठा. प्रत्येक फोटोनंतर तो आपोआप कॅमेऱ्याच्या मागच्या कोपऱ्याकडे जायचा, फिल्म पुढे ओढायचा खटका शोधायला. खटका नाही म्हटल्यावर क्षणभर तिथेच घुटमळायचा. अकराही वेळा.

लेन्सला कडेने थोडी बुरशी होती. टॉर्च मारून बघितल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसली. ते जरा हिरमुसले. फोटोत दिसत नाही म्हणून मी समजूत काढली. ते अर्धंच खरं होतं, उजेडासमोर धरल्यावर चित्र धुरकट होत होतं. ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

*

वरचं वाचून छान वाटलं, पण माझा अनुभव वेगळ्या जातीचा आहे.

सायकलींची शर्यत चालली होती आणि मी पॅनिंग करत होते. शटर १/३०, सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे तो बऱ्यापैकी स्पष्ट येतो आणि मागचं सगळं आडवं पुसलं जातं. दहातले आठ फोटो वाया जातात, हे धरूनच चालायचं. एक गृहस्थ मागून माझ्या स्क्रीनवर डोकावत होते. "मॅडम, शटर स्पीड वाढवा, सगळं हलतंय." म्हटलं, हो, हलवतेय. त्यांना ते कळलं नसावं, कारण पुढची पाच मिनिटं हवेत बोटाने त्रिकोण काढून त्यांनी मला फोटोतला उजेड ठरवणाऱ्या आयएसओ, ॲपर्चर आणि शटर यांचं नातं समजावलं. मी माना डोलावत फोटो काढत राहिले. मग एक नेमका जमला. चेहरा लख्ख, चाकं आणि मागची गर्दी रेघारेघांची. ते एकदम थांबले आणि म्हणाले, "हा कुठला फिल्टर?"

माझा नवरा शेजारी माझी बॅग धरून उभा होता. लेन्सला झाकण असतं यापलीकडे त्याला या विषयात गती नाही. तरी त्रिकोणाचं सगळं स्पष्टीकरण त्याच्याकडे बघून चाललं होतं, ते लिहायचं राहिलंच.

*

मला गप्पा नकोच असतात, आधीच सांगतो. सूर्य मावळल्यावरच्या निळसर वेळेला ब्लू अवर म्हणतात, त्यातला माझ्या कामाचा उजेड बरेचदा वीस-पंचवीस मिनिटांच्या वर टिकत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच येतात. "कशाचा काढताय?" समोर पूल आहे, दिवे लागलेत, कॅमेरा पुलाकडे तोंड करून ट्रायपॉडवर आहे. कशाचा काढत असेन?

एकदा मात्र गंमत झाली. दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड जवळजवळ हजारपट कमी करणारा गडद फिल्टर, लावला होता. १/८ सेकंदाचं एक्सपोजर त्याने १२८ सेकंदांचं होतं. एवढ्या वेळात समोरून चालत जाणारी माणसं फोटोत येतच नाहीत, पुसली जातात. संध्याकाळी फिरायला आलेले पन्नासएक जण कॅमेऱ्यासमोरून गेले आणि एकही उमटला नाही. फक्त एक जण थोडं पुढे जाऊन कठड्याला टेकले आणि तिथूनच माझ्याशी बोलायला लागले. ते आलेत. अर्धवट पारदर्शक, त्यांच्या पोटातून पुलाचे दिवे दिसतायत. गप्प चालत राहिले असते तर सुटले असते.

तो फोटो मी ठेवलाय. उरलेल्या संध्याकाळचा तोच एक बरा होता.

*

थोडक्यात लिहितो. एका जुन्या इमारतीत ट्रायपॉडला मनाई होती. कॅमेरा चालेल, तीन पाय नकोत. आत अंधार. बॅग जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि एक सेकंदाचं एक्सपोजर द्यायला बसलो. मगाशी अडवलेले रखवालदार मागोमाग आले. मला वाटलं, आता हेही बंद. ते वाकून हळूच म्हणाले, "दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना तुमचं बोट हलतंय."

*

लिहावं की नाही असा विचार करत होतो. माझ्या बाबतीत बोलणं महागात पडलं, आणि ते मला नाही.

एका झाडाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. मी दोन महिने लांबून बघत होतो, कुणालाच सांगितलं नव्हतं. एक दिवस मोठी लेन्स घेतलेला एक जण वाटेत भेटला. बोलायला इतका छान, पक्ष्यांची माहिती उत्तम. त्याने आपले फोटो दाखवले, मी माझे दाखवले, तासभर अशा गप्पा झाल्या की जुना मित्र भेटावा. निघताना त्याला ती ढोली दाखवली. उत्साहात दाखवली, दुसरं काय.

आठवड्याने गेलो तर झाडाखाली दहा-बाराजण. कुणीतरी मधली फांदी मोडून समोरचं मोकळं केलं होतं. एक जण मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज परत परत वाजवत होता, पक्षी बाहेर यावा म्हणून. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, अंडी-पिल्लं सोडून तो त्या आवाजामागे लागतो. मी बोललो, थोडी वादावादी झाली, एकाने "झाड तुमच्या बापाचं का" विचारलं. पुढच्या पंधरवड्यात ढोली रिकामी झाली. पिल्लं उडून गेली की दुसरं काही झालं, ते मला माहीत नाही.

तो माणूस वाईट नव्हता. त्यानेही माझ्यासारखंच कुणाला तरी उत्साहात सांगितलं असणार. आता वाटेत कुणी "काय मिळालं?" विचारलं तर मी "विशेष काही नाही, बुलबुल" म्हणतो. फोटो टाकताना त्यातली जीपीएसची, म्हणजे जागेची, नोंदही काढून टाकतो.

*

माझ्याकडे दोन भिंगांचा जुना टीएलआर कॅमेरा आहे, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. त्याचा फायदा असा की आपण माणसांकडे रोखून बघत नाही, मान खाली असते. लोक घाबरत नाहीत, उलट जवळ येतात. एका लहान मुलाने विचारलं, "काका, पायांचे फोटो काढताय?"

त्याला वरून बघू दिलं. काचेवर चित्र सरळ असतं पण डावं-उजवं उलटं. कॅमेरा उजवीकडे वळवला की चित्र भलतीकडेच पळतं. त्याला हा खेळच मिळाला. मग त्याची आजी आली. ती समोरच्याच बाकावर मघापासून बसलेली होती. तिने काचेत पाहिलं आणि बघतच राहिली. तेच झाड, तोच रस्ता, तीच पोरं, तासभर तिच्या डोळ्यांसमोर असलेली. "हे आत्ताचं आहे?" तिने विचारलं. मग काचेवरून नजर न काढता नातवाला म्हणाली, "तू जरा पळ बघू तिकडे."

एका रोलमध्ये बारा फोटो बसतात. त्यातला एक पळणाऱ्या नातवाचा आहे, हललेला.

*

फिल्मचाच माझाही एक. बाजारात फोटो काढत होतो. एक माणूस तरातरा आला, "माझा काढलास का? पुस." काढला होता. म्हटलं, फिल्म आहे, पुसता येत नाही. त्याने कॅमेरा उलटा केला, मागे स्क्रीन नाही हे पाहिलं आणि त्याचा संशय आणखीच वाढला. आवाज चढला, चार माणसं जमली. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, विचारायला मीच हवं होतं.

शेवटी कॅमेऱ्याचं मागचं झाकण त्याच्यासमोर उघडलं. भर उन्हात. तेविसावी फ्रेम चालू होती. "हे बघा, गेलं." त्याने फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आला. "बाकीचे पण गेले?"

म्हटलं, बहुतेक.

तो तिथेच घुटमळला. मग घरचे होते का त्यात, लग्नाबिग्नाचे होते का, असं विचारत बसला. नाही म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

घरी येऊन तरी डेव्हलप केली. काढलेली फिल्म रिळावर गुंडाळली जाते आणि आधीचे फोटो सगळ्यात आत राहतात, त्यामुळे पहिले सात वाचले. पुढचे हळूहळू काळे होत गेलेत. त्याचा तर नावालाही नाही.

*

सगळे वाचतोय, पिंगळ्याचं दोनदा वाचलं. खंड्या मिळाला का, असं दोघातिघांनी विचारलंय.

नाही. काल पहाटे परत गेलो होतो. ते पन्नास एक्सवाले गृहस्थ माझ्या आधीच येऊन बसले होते, माझ्याच जागेवर, माझ्याच फांदीवर फोकस लावून. मी जवळ जाऊन "काय, आला का?" विचारलं, तर मान न वळवता त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.