शेवटच्या ओळीला कॉमा टाकायचा का नाय?

हळदीचं_पोतं (सांगली)
सध्या सकाळी पायथन, दुपारी गो आणि मधेच एसक्यूएल असं तीन भाषांत कोडिंग चाललंय. पायथनमध्ये लिस्ट उभी लिहिताना शेवटच्या आयटमनंतर पण कॉमा टाकायची सवय लागलीय, गो तर तो नसला की कंपाईलच करत नाही, आणि मग जेसन या डेटाच्या फाईलमध्ये बोट आपोआप तेच करतं नि पार्सर, म्हणजे ती फाईल वाचणारा प्रोग्रॅम, बोंबलतो. सवय मोडू का? आणि गो एवढा हट्ट कशाला करतं?

कंदी_साताऱ्याचा
मोडू नको भावा. गोमध्ये ओळीच्या शेवटी नाव, आकडा, स्ट्रिंग असलं काही आलं की लेक्सर (कोडचे शब्द सुटे करणारा कंपायलरचा भाग) स्वतःच सेमीकोलन ठोकतो, म्हणजे वाक्य तिथंच संपलं; कॉमा असला की ठोकत नाही. म्हणून बंद कंस खालच्या ओळीला असेल तर वर कॉमा पाहिजेच, त्याच ओळीवर घेतलास तर नको.
बाकी ठिकाणी फायदा गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं त्यात. खाली एक आयटम वाढवला तर डिफमध्ये (काय बदललं त्या यादीत) एकच ओळ दिसते, नाहीतर वरच्या ओळीला नुसता कॉमा जोडला म्हणून ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली ते दिसतं तिथं) ती पण तुझ्या नावावर.

कृष्णाकाठ
जेसन बोंबलतं ते बरंय की, लगेच कळतं तरी. पायथनचं बघा, जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमधली ओळ उचलून आणली आणि रेट = 18, असा कॉमा चिकटून आला की रेट आकडा राहत नाही, टपल, म्हणजे एका आकड्याची यादीच होतो, आणि चकार शब्द नाही. त्याला दोननं गुणलं तर 36 नाही येत, (18, 18) येतं!!
आणि कॉमा नसल्याचा पण ताप आहे. लिस्टमध्ये शेवटी 'मिरज' बिनकॉमाचं होतं, कुणी त्याखाली 'कुपवाड' वाढवलं, तर पायथन दोन्ही स्ट्रिंग जोडून 'मिरजकुपवाड' करतं. एरर नाहीच. म्हणून मी तर उभ्या लिस्टला कॉमा टाकतेच.

हळदीचं_पोतं (सांगली)
मिरजकुपवाड 😂 ताई, आता आमच्या सगळ्या लिस्टा बघायला लागणार. एसक्यूएलचं काय करता?

कंदी_साताऱ्याचा
कॉलमची यादी संपून फ्रॉम (FROM) येतं त्याच्या आधी कॉमा राहिला तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल हे दोन्ही डेटाबेस एरर देतात, गूगलचं बिगक्वेरी चालवून घेतं. काहीजण कॉमा ओळीच्या सुरुवातीला टाकतात, मला बघवत नाही ते, पण मग पहिली कॉलम काढताना तीच बोंब. जावास्क्रिप्टला प्रेटियर हे कोड नीट मांडून देणारं टूल लाव, 2023 च्या 3.0 पासून शक्य तिथं सगळीकडं कॉमा स्वतःच टाकतं आणि पॅकेज डॉट जेसन या फाईलला मात्र टाकत नाही.