'यलोफेस'ला मराठीत काय म्हणाल?

शेवंती:
आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आशियाई पात्रं कशी दाखवतात त्यावर, आणि 'यलोफेस'पाशी गाडी अडलीये. म्हणजे गोऱ्या नटाने डोळ्यांना पट्ट्या चिकटवून, तोंडाला रंग लावून चिनी-जपानी-व्हिएतनामी माणूस व्हायचं ते. जोनाथन प्राइसने लंडनला १९८९ मध्ये 'मिस सायगॉन' या संगीत नाटकात केलं होतं तसं. मी 'पिवळं सोंग' लिहिलं तर संपादक काका म्हणतात सोंग नको, 'पीतवर्णी रंगभूषा' लिही. मला ते हळदीच्या फेसपॅकचं नाव वाटतं. सुचवा काहीतरी.

रिकामटेकडा:
यलोफेसच ठेवा. टेबलाला मेज म्हणतो का आपण?

तिरफळ:
सोंगच बरोबर. स्वांग, स्व + अंग, दुसऱ्याचं अंग आपलं करणे.

रिकामटेकडा:
स्व + अंग म्हणजे आपलंच अंग झालं की हो. काहीही.

बोरूबहाद्दर:
व्युत्पत्ती सोडा, सोंग इथे बसत नाही. आमच्याकडे कोकणात शिमग्याला सोंगं निघतात, दशावतारात संकासुर येतो, सगळं गाव हसतं आणि संकासुराला त्याचं काही वाईट वाटत नाही. मराठीत सोंगाला एक लाडिकपणा आहे. यलोफेस ही शिवी आहे. सरळ 'पीतमुख' करा, बोजड वाटेल पण रुळेल, दिनांक-महापौर रुळले तसं.

एडिसनकर:
पीतमुख म्हणजे कावीळ झालेला माणूस वाटतो राव.
आणि संकासुराचं उदाहरण चांगलंय पण मुद्दा वेगळाय, संकासुर काम मागायला येत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या युनियनने, ॲक्टर्स इक्विटीने, प्राइसला ब्रॉडवेवर तोच रोल करायला मनाई केली, तर निर्माते मॅकिन्टॉश यांनी अख्खं नाटकच रद्द केलं, अडीच कोटी डॉलरचं ॲडव्हान्स बुकिंग झालेलं असताना, मग काय, आठवडाभरात युनियनने शेपूट घातली आणि १९९१ मध्ये प्राइसला त्याच रोलसाठी टोनी हे नाटकांचं मोठं पारितोषिक मिळालं. वर युक्तिवाद असा की पात्र अर्धं फ्रेंच आहे. अरे मग उरलेलं अर्धं? तेव्हा विरोध करणाऱ्यांत नाटककार डेव्हिड हेन्री ह्वांग होता, त्याने पुढे २००७ मध्ये 'यलो फेस' याच नावाचं नाटक आणलं, ते ब्रॉडवेला पोचायला २०२४ उजाडलं. म्हणून म्हणतो, रंगभूषा हा शब्द तर साफ चूक, भांडण रंगाचं नाही, पोटापाण्याचं आहे.

तिरफळ:
मग 'तोतया' म्हणा ना! तोतया गादीवर बसतो, खरा वारस बाहेर.

शेवंती:
तोतया आवडला. पण तोतया फसवतो, इथे तर प्रेक्षकांना माहीत असतं की नट गोरा आहे.

मोरपीस:
आणि रंग न लावता केलं तर? 'सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टूनमधल्या अपूचा, म्हणजे भारतीय दुकानदाराचा, आवाज गोऱ्या हँक अझारियाने तीस वर्षं काढला, २०२० मध्ये सोडला. माझ्या लेकीला शाळेच्या नाटकाच्या निवडीला सांगितलं, जरा इंडियन ॲक्सेंटमध्ये बोल. ती म्हणाली कुठला, बाबांचा का आजीचा? दुकानदाराचा रोल मिळाला शेवटी. याला काय म्हणायचं, आवाजाचं सोंग? आणि इथे तर सोंग घेणारी आपलीच पोर.

बोरूबहाद्दर:
ॲक्सेंटला मराठी शब्द आहे, हेल.

एडिसनकर:
हेल मालवणीला असतो. अपूला कसला हेल?

रिकामटेकडा:
सोंग म्हणजे अपमान असं ठरवलंत तर बालगंधर्वांचं काय करणार? तेही सोंगच का?

तिरफळ:
का नाही? बायकांना स्टेजवर मज्जाव होता म्हणून पुरुष बाई व्हायचे. जिचं सोंग तिलाच दार बंद, एडिसनकर तेच सांगतायत.

रिकामटेकडा:
बालगंधर्वांची पुण्याई आणि तो डोळे चिकटवलेला साहेब एका तागडीत घालू नका. त्यांनी बाईची टिंगल नाही केली, बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या.

तिरफळ:
टिंगल नव्हती मान्य. दार बंद होतं का नव्हतं ते सांगा.

बोरूबहाद्दर:
मुळात त्याला सोंग म्हणतच नसत, स्त्रीपार्ट म्हणत. करणारा तो स्त्रीपार्टी.

मोरपीस:
स्त्रीपार्टी नट असं ऐकलंय. नुसतं स्त्रीपार्टी म्हटलं की भिशी वाटते.

शेवंती:
अहो, लेख शुक्रवारी द्यायचाय. तोतया का सोंग?

बोरूबहाद्दर:
पार्ट हा शब्द कंपनीवाल्यांनी पारशी नाटकवाल्यांकडून घेतला असावा, यावर कुणाकडे काही आहे का?